हजार दिरहम आणि गाडीतला ‘ळ’

१९३० साली अमेरिकेत फोर्डची नवी ‘मॉडेल ए’ गाडी साडेपाचशे डॉलरच्या आसपास मिळत होती. तिच्यात रेडिओ बसवायचा तर आणखी ११० ते १३० डॉलर मोजावे लागत. म्हणजे गाडीच्या किमतीचा पाचवा हिस्सा, किंवा त्याहूनही थोडा जास्त, नुसत्या आवाजावर. आज शारजात जुनी जपानी सेडान घेणाऱ्या माणसाने याच प्रमाणात खर्च करायचा म्हटले तर घरचे त्याला वेड्यात काढतील. आमच्या घरी या कामासाठी हजार दिरहम ठरले आहेत, म्हणजे साधारण २७२ डॉलर. ते कुठे घालायचे हे ठरवताना मी दुकानांच्या जाहिरातींपेक्षा इतिहासाकडे जास्त पाहिले. तंत्रज्ञानाचा इतिहास हा माझा पोटापाण्याचा विषय आहे आणि या बाबतीत तो चक्क उपयोगी पडतो.

१९३० च्या त्या रेडिओमागे पॉल गॅल्विन हा शिकागोचा उद्योजक होता. त्याने आपल्या गाडीत रेडिओ बसवला, अटलांटिक सिटीला रेडिओ उत्पादकांचे अधिवेशन होते तिथवर ती चालवत नेली आणि बाहेर गाडी उभी करून लोकांना ऐकवले. रेडिओचे नाव ‘मोटरोला’, आणि पुढे कंपनीही त्याच नावाने ओळखली जाऊ लागली. तेव्हा रेडिओ बसवणे म्हणजे अर्धी गाडी उघडणे. काचेच्या व्हॉल्व्हना लागणारा जास्त दाब पुरवायला वेगळ्या बॅटऱ्या लागत, त्या पायाखालच्या फळीत भोक पाडून ठेवायच्या. एरियल छताच्या अस्तरात. रेडिओ महाग होता आणि त्याला जिवंत ठेवणारी ही सगळी व्यवस्थाही महाग होती.

तिथून पुढचा इतिहास हा आवाजाचा उगम स्वस्त होत जाण्याचा आहे. १९५५ मध्ये फिल्को आणि क्रायस्लर यांनी संपूर्ण ट्रान्झिस्टरचा गाडीरेडिओ आणला आणि व्हॉल्व्ह गेले. क्रायस्लरनेच १९५६ च्या गाड्यांमध्ये ‘हायवे हाय-फाय’ नावाचा तबकडी वाजवणारा डेक दिला. मिनिटाला सुमारे सतरा फेरे घेणाऱ्या खास तबकड्या त्यावर चालत, आणि थोड्याच वर्षांत हा प्रकार बंद पडला. मग १९६३ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात फिलिप्सने कॅसेट दाखवली. लू ओटेन्स यांच्या गटाचे हे काम. फिलिप्सने इतर कंपन्यांनाही ती मोफत बनवू दिली, त्यामुळे जपानी कारखाने या वस्तूवर तुटून पडले. १९६८ मध्ये फिलिप्सचाच कॅसेट लावायचा गाडीरेडिओ आला.

आखातात हा सगळा माल नेमक्या वेळी पोचला. अबू धाबीचे तेल १९६२ मध्ये निर्यात होऊ लागले, दुबईचे १९६९ मध्ये, आणि १९७१ च्या डिसेंबरात अमिराती एक देश झाल्या. अल-फुत्तैम यांच्याकडे टोयोटाची वितरणव्यवस्था १९५५ पासूनच होती. सत्तरच्या दशकात तेलाचे भाव चढले, रस्ते झाले, आणि भारतातून माणसे येऊ लागली. त्या काळी आपल्याकडे परदेशी इलेक्ट्रॉनिक वस्तूंवर जबर आयातकर होता, त्यामुळे सुट्टीवर जाणाऱ्या प्रत्येकाच्या सामानात जपानी ‘टू-इन-वन’ असे. पीटर मॅन्युएल यांनी १९९३ च्या ‘कॅसेट कल्चर’ या पुस्तकात उत्तर भारतातल्या कॅसेटच्या लाटेचा अभ्यास केला आहे. आखातातून परतणाऱ्या कामगारांनी आणलेल्या टेपरेकॉर्डरची त्या लाटेतली जागाही ते नोंदवतात. ग्रामोफोन कंपनीची जवळजवळ मक्तेदारी कॅसेटने मोडली, आणि प्रल्हाद शिंदे यांची भक्तिगीते नि भीमगीते खेडोपाडी टेपवर वाजू लागली.

इथल्या बाजारात बिनपरवाना कॅसेटींचा सुकाळ होता. अमिरातींचा पहिला संघीय कॉपीराइट कायदा १९९२ चा, त्यामुळे आधीची दोन दशके गाणी फार स्वस्तात मिळत. नैतिकदृष्ट्या ते बरे नव्हते, पण मराठी माणसापुढे दुसरा पर्याय कोणता होता? हवेत अरबी होते, इंग्रजी होते, पुढे हिंदी आणि मल्याळम एफएम वाहिन्याही आल्या. मराठी ऐकायचे तर ते पिशवीत घालून आणावे लागे. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक असे प्रसारित झालेले ‘गीतरामायण’ कॅसेटच्या रूपाने समुद्र ओलांडून गाडीच्या कप्प्यात येऊन बसले ते असे.

आणि ते गाडीतच का, हेही समजून घ्यायला हवे. इथे एकट्याने राहणारी बहुसंख्य माणसे खोली वाटून घेतात. एका फ्लॅटमध्ये चार पलंग, मध्ये प्लायवूडची भिंत, एकाची रात्रपाळी तर दुसऱ्याची दिवसपाळी. तिथे मोठ्याने गाणे लावता येत नाही. ज्याच्या हाती कंपनीची व्हॅन किंवा स्वतःची जुनी गाडी, त्याला दार लावून घेता येईल अशी एकमेव खोली तीच. कुटुंबांनाही हे लागू आहे. भाडे परवडते म्हणून राहायचे शारजात, काम दुबईत, आणि मधल्या गर्दीत सकाळ-संध्याकाळ तास-तास जातो. मुले मागच्या सीटवर असतात. दिवसभरात सलग मराठी कानावर पडण्याची हमखास वेळ तेवढीच.

आता पुन्हा हजार दिरहमांकडे. १९८४ पासून सोनी आणि पायोनियरचे गाडीतले सीडी प्लेअर आले, मग एमपीथ्री, मग फोन. आज आवाजाचा उगम खिशातच असतो आणि त्याला वेगळे पैसे पडत नाहीत. तरीही दुकानात शिरलात की पहिल्यांदा दाखवतात तो मोठ्या पडद्याचा नवा डेक. डॅशबोर्डमधली १८० बाय ५० मिलिमीटरची ती प्रमाणित खाच जर्मन मानकातून आली आणि पुढे आयएसओ ७७३६ झाली. तिच्यामुळे कोणत्याही गाडीत कोणताही डेक बसू लागला, आणि डेक बदलणे म्हणजेच आवाज सुधारणे ही समजूतही तिथूनच रुजली. जुना डेक फोनला ब्लूटूथने किंवा वायरने जोडता येत असेल तर त्याला हात लावू नका.

खोक्यावरच्या ‘५० वॉट गुणिले ४’ या आकड्यालाही भुलू नका. गाडी चालू असताना विजेचा दाब फार तर १४.४ व्होल्ट. चार ओहमच्या स्पीकरला त्यातून मिळू शकणारी अखंड शक्ती गणिताने २६ वॉटच्या आतबाहेर येते, आणि प्रत्यक्षात त्याहून कमी. पन्नास हा क्षणभराच्या उसळीचा आकडा आहे. शिवाय वॉट दुप्पट केले तरी आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो. तेवढाच फरक ८७ ऐवजी ९० डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर निवडून मिळतो, आणि त्यासाठी वेगळा ॲम्प्लिफायर लागत नाही.

मग महाग काय राहिले? ज्यात शंभर वर्षांत फारसा बदल झाला नाही ते. चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी जनरल इलेक्ट्रिकमध्ये १९२५ साली जो स्पीकर मांडला, चुंबकाच्या फटीत हलणारी तारेची गुंडाळी आणि तिला चिकटलेला शंकू, तोच आजही दरवाजात बसतो. आणि पत्र्याचे दार तर त्याहून जुने. ताशी १२० ने जाताना टायर आणि वारा मिळून जी घरघर आत येते ती गॅल्विनच्या गाडीतही होती.

या घरघरीचा आणि मराठीचा थेट संबंध आहे. खालच्या पट्टीतला गोंगाट वरच्या पट्टीतले बारकावे झाकून टाकतो. बोलण्यातली व्यंजने ओळखू येतात ती मुख्यतः एक ते चार हजार हर्ट्झच्या पट्ट्यात. ‘ल’ आणि ‘ळ’, ‘न’ आणि ‘ण’ यांतला फरक त्यातच, दोन-तीन हजारांच्या आसपासच्या नादाच्या वळणात असतो. इथल्या शाळेत आमच्या मुलीला अरबी, इंग्रजी आणि हिंदी शिकवतात. तिन्हींत ‘ळ’ नाही. तो तिच्या मल्याळी मैत्रिणींकडे आहे आणि आमच्याकडे आहे. डिकीत मोठा वूफर ठेवून गाडी दणाणून सोडली तर आधीच झाकलेला ‘ळ’ आणखी झाकला जाईल. डग्ग्याचा घुमारा हवा, पण तो शंभर हर्ट्झच्या आसपास असतो आणि साडेसहा इंची स्पीकर तिथवर सहज उतरतो.

म्हणून आमचे वाटप असे ठरले आहे. निम्मे पैसे पुढच्या दोन दरवाजांच्या स्पीकरना, ट्वीटर वेगळा असलेली जोडी. शंकू कागदी नको, पॉलिप्रॉपिलीनचा हवा, कारण उन्हाळ्यात उभ्या गाडीचा आतला भाग भट्टीसारखा तापतो. पाव हिस्सा त्याच दोन दरवाजांत आतून चिकटवायच्या ब्युटाइलच्या पट्ट्यांना. त्यांनी पत्र्याची थरथर बसते आणि दाराची पोकळी स्पीकरच्या पेटीसारखी वागू लागते. उरलेला पाव मजुरी, बरी वायर आणि स्पीकरखालच्या कड्या यांना. मागचे स्पीकर कंपनीचे आहेत तसेच राहतील. कधी पुढे ॲम्प्लिफायर घेतलाच तर तो सीटखाली, हवा लागेल असा, आणि बॅटरीपासून वीतभर-दीड वीतभर अंतरावर फ्यूज घालूनच.

सातव्याला, औद्योगिक भागात किंवा जिथे जाल तिथे बसवणाऱ्याकडे एक मागणी अवश्य करा. तो आपले ठरलेले दणदणीत गाणे लावून दाखवेल. ते ऐकून घ्या, मग फोनवरून एखादे मराठी अभिवाचन किंवा बालकथा लावा, नुसता माणसाचा आवाज. बास आणि ट्रेबल मधोमध ठेवा आणि हमरस्त्यावर एक चक्कर मारून या. मागे मुलाला बसवा आणि ऐकलेले वाक्य म्हणायला सांगा. ‘काळा’ आणि ‘काला’ त्याला वेगळे ऐकू आले तर पैसे द्या. नाही आले तर दरवाजा पुन्हा उघडायला लावा.