जेवलं की पोट दुखतं, पण रिपोर्ट नॉर्मल येतात. 'एमएएलएस' हा दुर्मिळ आजार नेमका काय आहे?

जेवण होऊन थोडा वेळ जात नाही तोच बेंबीच्या वर, छातीच्या हाडाखाली दुखायला लागतं. पित्त झालं असेल म्हणून गोळी घेतली जाते, तिखट बंद होतं, मग चहा बंद होतो. तरीही दुखणं थांबत नाही. हळूहळू जेवणाचीच भीती वाटू लागते आणि वजन उतरतं. सोनोग्राफी आणि एंडोस्कोपी नॉर्मल येते. शेवटी घरचे आणि कधीकधी डॉक्टरही म्हणतात, 'टेन्शन घेऊ नकोस.'

अशा दुखण्यामागे बहुतेक वेळा नेहमीचीच कारणं असतात. पण काही मोजक्या रुग्णांमध्ये कारण जठरात नसतं, तर जठराला रक्त पुरवणाऱ्या धमनीवर पडणाऱ्या दाबात असतं. या आजाराचं नाव आहे मीडियन आर्क्युएट लिगामेंट सिंड्रोम, म्हणजेच एमएएलएस.

धमनी दबते कशी?

छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासपटल असतं. हृदयाकडून येणारी महाधमनी या पडद्याच्या मागच्या बाजूने पोटात उतरते. तिथे तिच्यावर चिवट तंतूंची एक कमान असते. हेच मीडियन आर्क्युएट लिगामेंट.

या कमानीच्या जरा खाली महाधमनीला सिलिॲक धमनीची फांदी फुटते. जठर, यकृत आणि प्लीहा यांना तिच्यातून रक्त मिळतं. काहींमध्ये कमान थोडी खाली असते किंवा धमनी थोडी वर निघते. मग कमान धमनीवर दाबली जाते. श्वास सोडताना हा दाब वाढतो, श्वास घेताना कमी होतो.

याच ठिकाणी मज्जातंतूंचं मोठं जाळंही असतं. दुखणं रक्त कमी पडल्यामुळे होतं की हे मज्जातंतू दाबले गेल्यामुळे, यावर तज्ज्ञांमध्ये आजही एकमत नाही. दोन्हीचा वाटा असावा, असं अनेक जण मानतात.

गव्हातल्या ग्लुटेनमुळे होणारा सिलिॲक आजार मात्र पूर्णपणे वेगळा आहे. साम्य फक्त नावाचं.

लक्षणं कोणती?

- जेवणानंतर पोटाच्या वरच्या भागात दुखणं
- दुखण्याच्या भीतीने कमी खाणं आणि वजन घटणं
- मळमळ, उलटी, पोट लगेच भरल्यासारखं वाटणं
- काहींना धावताना किंवा चढ चढताना दुखणं

हा आजार पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये, विशेषतः सडपातळ बांध्याच्या तरुण आणि मध्यमवयीन स्त्रियांमध्ये जास्त दिसतो. जेवण टाळणारी तरुण मुलगी दिसली की 'डाएटचं खूळ' किंवा 'मनाचा आजार' असा शिक्का पटकन बसतो. सतत दुखत राहिलं तर चिंता आणि नैराश्य येऊ शकतं. पण म्हणून दुखणं खोटं ठरत नाही.

निदान इतकं अवघड का?

फिनलंडमधले सर्जन हार्योला यांनी १९६३ मध्ये अशा रुग्णावरच्या शस्त्रक्रियेची नोंद केली. १९६५ मध्ये अमेरिकेतले डॉ. डनबार आणि सहकाऱ्यांनी १५ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यामुळे याला डनबार सिंड्रोमही म्हणतात.

तेव्हापासूनचा मोठा पेच असा की धमनी दबलेली दिसली म्हणजे आजार आहेच, असं होत नाही. साधारण १० ते २४ टक्के लोकांमध्ये ही कमान खाली असते आणि त्यातल्या बहुतेकांना काहीच त्रास नसतो. शरीर दुसऱ्या वाटांनी रक्त पोहोचवतं. प्रत्यक्ष आजार मात्र लाखात २ जणांना होतो, असा अंदाज दिला जातो.

म्हणून आधी अल्सर, पित्ताशयातले खडे, स्वादुपिंडाचे विकार आणि आपल्याकडे आतड्याचा क्षयरोग ही कारणं तपासून बाजूला काढावी लागतात. त्यानंतर डॉप्लर सोनोग्राफी होते. श्वास घेतल्यावर आणि सोडल्यावर, अशी दोनदा धमनीतल्या रक्ताची गती मोजतात. श्वास सोडताना ती बरीच वाढली तर शंका बळावते. सीटी अँजिओग्राफीत दबलेली धमनी बाजूने पाहिल्यावर आकड्यासारखी वाकलेली दिसते. साध्या सोनोग्राफीत हे सहसा कळत नाही.

उपचार काय?

कमानीचे तंतू कापून धमनी मोकळी करणं हा मुख्य उपचार. हे आता अनेकदा दुर्बिणीतून केलं जातं. त्याच वेळी तिथले काही मज्जातंतूही कापले जातात. दाब बाहेरून असल्यामुळे तो न काढता नुसता स्टेंट टाकून भागत नाही. बऱ्याच रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर आराम पडतो, पण सगळ्यांना नाही. त्यामुळे काही ठिकाणी आधी मज्जातंतूंच्या जाळ्याजवळ भूल देणारं इंजेक्शन देऊन पाहतात. त्याने दुखणं तात्पुरतं थांबलं, तर शस्त्रक्रियेचा उपयोग होण्याची शक्यता जास्त मानली जाते.

वेल्ह्यासारख्या भागातल्या रुग्णाने काय करावं?

तोरण्याच्या पायथ्याच्या वेल्ह्यातून चेलाडी फाट्यावर येऊन पुणे गाठायचं, तर ५० किलोमीटरहून जास्त प्रवास होतो. वाड्या-वस्त्यांवरून निघणाऱ्यांचा अख्खा दिवस जातो. सीटी अँजिओग्राफीसारखी तपासणी ग्रामीण रुग्णालयात सहसा होत नाही, त्यासाठी पुण्यातलं ससूनसारखं मोठं रुग्णालयच गाठावं लागतं. हेलपाटे वाचवायचे तर तयारीने गेलेलं बरं.

- दोन आठवडे वहीत लिहा: काय खाल्लं, किती वेळाने दुखलं, किती वेळ दुखलं.
- दर आठवड्याला एकाच काट्यावर वजन करा.
- जुने रिपोर्ट आणि चिठ्ठ्या तारखेप्रमाणे एका फाइलमध्ये लावा.
- पोटविकारतज्ज्ञांना विचारा: 'रक्तवाहिनीवर दाब असू शकतो का? डॉप्लर करायला हवी का?'

रक्ताची उलटी, काळी शौच, कावीळ, ताप किंवा अचानक असह्य दुखणं असेल, तर वही लिहीत बसू नका. लगेच दवाखाना गाठा.

पोट दुखणाऱ्या प्रत्येकाला एमएएलएस नसतो. हे वाचून स्वतःच निदान करू नका. पण जेवल्यावर दरवेळी दुखतंय आणि वजनही उतरतंय, तर 'रिपोर्ट नॉर्मल आहेत' हे उत्तर पुरेसं नाही. पुढची तपासणी कोणती, हे डॉक्टरांना जरूर विचारा.