मुंबईंतील परस्थांचीं वसतिस्थानें : वखार, चाळ, कूड आणि गांवची खोली

मुंबईच्या इतिहासावर आजवर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. किल्ला, गोदी, गिरण्या, आगगाडी यांचीं वर्णनें ठिकठिकाणीं सांपडतात. परंतु या बंदरीं बाहेरून आलेला मनुष्य पहिल्या रात्रीं निजला कोठें, त्याला जागा कोणीं दिली व कोणत्या अटीवर दिली, या प्रश्नाकडे संशोधकांचें लक्ष जावें तितकें गेलेलें नाहीं. मुंबईची वसति कंपनीनें, सरकारनें व धनिकांनीं उभारली अशी एक समजूत रूढ आहे. ती सर्वस्वीं खोटी नसली तरी निम्मीच खरी आहे, असें आमचें मत झालें आहे.

या किनाऱ्यावर पांथस्थांची सोय करण्याची चाल फार जुनी आहे. नाशिकजवळच्या पांडव लेण्यांतील दहाव्या लेण्यांत क्षत्रप नहपानाचा जांवई, दीनीकाचा पुत्र उषवदात याचा प्रसिद्ध लेख आहे. त्यानें भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन व शोर्पारग या चार ठिकाणीं चतुःशाला, आवसथ व प्रतिश्रय दिल्याचा त्यांत उल्लेख आहे. शोर्पारग म्हणजे वसईजवळचें सोपारें. मुंबईच्या बेटांवर कोळ्यांच्या झोपड्यांपलीकडे फारसें कांहीं नसतांना तिच्या उत्तरेस एका दिवसाच्या वाटेवर परस्थांसाठीं चौसोपी विश्रामस्थानें होतीं, एवढें यावरून निर्विवाद ठरतें. त्याच लेण्यांत उषवदातानें तीन हजार कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या दोन निकायांकडे ठेवल्याचा लेख आहे. पैकीं दोन हजारांस दरमहा शेंकडा एक व एक हजारास पाऊण असें व्याज ठरलें होतें. तें लेण्यांत राहणाऱ्या भिक्षूंच्या वस्त्रादिकांसाठीं होतें. दान राजपुरुषाचें, पण तें चालविणारी संस्था धंदेवाईकांची, ही व्यवस्था वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचा उपयोग होणार आहे.

कौटिल्यानें नागरिकाच्या अध्यायांत हीच गोष्ट अधिक स्पष्ट केली आहे. धर्मावसथाच्या व्यवस्थापकानें पाखंडी व प्रवासी यांस वर्दी देऊन मगच उतरूं द्यावें. कारागिरांनीं आपल्या माणसांस आपल्याच कामाच्या जागीं ठेवावें. व्यापाऱ्यांनीं एकमेकांची सोय करावी. गृहस्थानें आल्यागेल्याची खबर द्यावी. पाहुण्याचें नांव, गांव व येण्याचें कारण लिहून घेणारी पथिकाश्रमांतील आजची वही ही विलायती कल्पना आहे असें समजणारांनीं हा अध्याय एकदां अवश्य वाचावा. आमच्या दृष्टीनें त्यांतील महत्त्वाचें सूत्र निराळेंच आहे. परक्या शहरीं मनुष्याला जागा मिळते ती त्याच्या धंद्याच्या किंवा त्याच्या गांवच्या माणसांकडून. राजा फक्त नोंद ठेवतो.

येथें शब्दाविषयीं थोडेंसें. 'चाळ' हा शब्द 'शाला' यापासून निघाला असें कित्येक बेलाशक सांगतात. टंकशाला याची टांकसाळ झाली, पाठशाला याची पाठशाळा राहिली. 'श' चा 'स' होतो, 'च' होण्यास नियम दाखविला पाहिजे. तो दाखविल्यावांचून ही व्युत्पत्ति आम्ही स्वीकारीत नाहीं.

आतां कंपनीकडे वळूं. इंग्रज व्यापाऱ्यांनीं सुरतेस जी वखार घातली तींत माल व माणसें एकाच छपराखालीं राहत. अध्यक्षापासून कनिष्ठ लेखकापर्यंत सर्वांनीं वखारींत निजावें व सामाईक मेजावर जेवावें, असा दंडक होता. इ. स. १६८९ मध्यें विलायतेहून निघून सुरतेस आलेल्या ओव्हिंग्टन नांवाच्या पाद्र्यानें या मेजाचें वर्णन केलें आहे. त्या स्वयंपाकघरांत इंग्रज, पोर्तुगीज व हिंदी असे तिन्ही तऱ्हेचे आचारी होते. नोकराला जागा द्यायची ती त्याच्यावर नजर राहावी म्हणून, हें कंपनीच्या वसतीचें बीज येथें दिसतें. इ. स. १६६८ मध्यें मुंबई बेट कंपनीला सालीना दहा पौंड खंडानें मिळालें व १६८७ मध्यें मुख्य ठाणें सुरतेहून येथें आलें. तेव्हां वखारीची ही रीतहि किल्ल्याच्या तटाआंत आली. पुढें वस्ती वाढली, तसे साहेबलोक एस्प्लनेडच्या मैदानावर तंबूंत व तात्पुरत्या बंगल्यांत उन्हाळा काढूं लागले. पावसाळा लागला कीं हीं बिऱ्हाडें मोडावीं लागत.

पथिकाश्रमांचा वृत्तांत बहुश्रुत असल्यामुळें तो आवरता घेतों. किल्ल्याचा तट १८६२ नंतर पाडला गेला आणि मोकळ्या झालेल्या जागेवर वॉटसनचें हॉटेल उभें राहून १८७१ मध्यें उघडलें. त्याचा लोखंडी सांगाडा इंग्लंडांत ओतून येथें जोडलेला आहे. ७ जुलै १८९६ रोजीं ल्यूमिएर बंधूंचीं चलच्चित्रें तेथेंच दाखविण्यांत आलीं. १६ डिसेंबर १९०३ रोजीं ताजमहाल हॉटेल उघडलें. जमशेटजी टाटांस वॉटसनमध्यें प्रवेश नाकारला म्हणून त्यांनीं ताज बांधलें, ही कथा लोकांच्या तोंडीं फार आहे; पण आख्यायिका ती आख्यायिकाच. त्यापेक्षां ताजच्या पहिल्या वास्तुविशारदांपैकीं रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य हे महाराष्ट्रीय होते, ही निश्चित गोष्ट अधिक लोकांना ठाऊक असावयास हवी. क्रॉफर्ड मार्केटजवळचें सरदारगृह याच वर्गांतलें, पण एतद्देशीयांसाठीं. लोकमान्य टिळक मुंबईस आले म्हणजे तेथें उतरत, आणि १ ऑगस्ट १९२० रोजीं त्यांचें देहावसानहि तेथेंच झालें. यात्रेकरूंसाठीं माधवबाग, हिराबाग यांसारख्या धर्मशाळा व साबू सिद्दिक मुसाफिरखाना होते. हीं उषवदाताच्या आवसथांचींच वंशज होत.

सरकारी वसतीचा आरंभ मात्र दानांत नाहीं, भीतींत आहे. सप्टेंबर १८९६ मध्यें मांडवी भागांत डॉ. अकासियो व्हिएगस यांनीं प्लेग ओळखला. १८९१ मध्यें शहराची लोकसंख्या ८,२१,७६४ होती, ती १९०१ मध्यें ७,७६,००६ भरली. १८९८ मध्यें सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्यानें गल्ल्या पाडून रस्ते रुंद केले व विस्थापितांसाठीं चाळी बांधल्या. परळच्या अशाच एका चाळींत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचें बिऱ्हाड अनेक वर्षें होतें. गव्हर्नर लॉईड यांच्या कारकीर्दींत, १९२० मध्यें, डेव्हलपमेंट खातें निघालें. कापसाच्या प्रत्येक गांठीवर एक रुपया कर बसवून पन्नास हजार खोल्या बांधण्याचा संकल्प होता. प्रत्यक्षांत वरळी, नायगांव, डिलाईल रोड व शिवडी येथें मिळून २०७ चाळी व सुमारें सोळा हजार खोल्या झाल्या. खोली १६० चौरस फुटांची. नवल असें कीं, शहरांत जागेसाठीं तारांबळ असतां या खोल्या प्रथम पुष्कळशा रिकाम्याच राहिल्या. भाडें जड व गिरणी दूर, ही त्याचीं कारणें. सविनय कायदेभंगाच्या दिवसांत वरळीच्या कांहीं चाळींचा तात्पुरता तुरुंग करण्यांत आला. सोळा हजार खोल्या बांधणाऱ्यांना कामकरी माणूस कसा राहतो हें पाहण्यास सवड मिळाली नव्हती, असें म्हणणें कठोर असेल, पण अन्यायाचें नाहीं.

तो राहत होता गांवच्या खोलींत. कोंकणांतील आगबोटीनें उतरलेला तरुण ट्रंक डोक्यावर घेऊन थेट गिरगांव, परळ किंवा लालबाग येथें आपल्या गांवच्या मंडळानें भाड्यानें घेतलेल्या खोलीवर जाई. खोली एक, वर्गणीदार पंधरावीस. दिवसपाळीचे लोक रात्रीं निजत, रातपाळीचे दिवसा; वळकटी तीच असे, मालक बदले. बायकामुलें गांवीं. जेवण खाणावळींत. या खाणावळी बहुधा बाया घरांतच चालवीत. त्यांच्याच संघटनेसाठीं १९७५ मध्यें प्रेमा पुरव यांनीं अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केलें. बेकार झालेल्याची वर्गणी तहकूब राही, पण त्याची जागा राही.

गोमंतकीय ख्रिस्ती लोकांनीं हीच व्यवस्था अधिक बांधेसूद केली. धोबीतलाव व त्याच्या आसपास त्यांचे 'कूड' आहेत; इंग्रजींत त्यांस क्लब म्हणतात. धोबीतलावच्या जेर महाल या एकाच इमारतींत असे अनेक कूड आहेत. एकेका गांवाचा एकेक कूड, त्यांत गांवच्या संताची वेदी, सायंकाळीं रोजारची सामुदायिक प्रार्थना, भिंतीशीं ओळीनें पेट्या. आगबोटींवर काम करणारा खलाशी किंवा आचारी एका सफरीहून दुसऱ्या सफरीपर्यंत येथें राही. वाजंत्री, शिंपी, नोकरीच्या शोधांत आलेलीं पोरें हींहि तेथेंच. मराठींत कूड म्हणजे कुडाची भिंत, संस्कृत कुड्य; कोंकणींत त्याचा अर्थ खोली. भिंतीवरून खोलीला नांव पडणें अगदीं स्वाभाविक आहे. राज्य दुसरें, म्हणजे १९६१ पर्यंत पोर्तुगीजांचें, आणि तरी गोव्यांतील गांवाची एक शाखा मुंबईंत! कौटिल्याचे कारागीर व उषवदाताचे निकाय यांचें जिवंत प्रतिरूप पाहावयाचें तर तें येथें पाहावें.

आमचे वडील लालबागेंतील अशाच एका खोलीचे वर्गणीदार होते, व आम्हीहि विद्यार्थिदशेंत दोन वर्षें तेथें काढलीं. त्या मंडळाची एक वही आमच्याकडे आली आहे. तींत भाडें, रॉकेल, गणपतीची वर्गणी हे सदर आहेतच. पण 'पाहुणा' असा स्वतंत्र सदर आहे, व त्यापुढें गांव, कोणाचा कोण व किती रात्री हें लिहिलेलें आहे. वर्गणीदाराचा पाहुणा तीन रात्री फुकट, पुढें रोजचा आकार. गांवांतील कोणी इस्पितळासाठीं आला असल्यास आकार माफ. हा नियम कोणत्याहि सरकारी दप्तरांत मिळणार नाहीं.

या दोन्ही प्रकारांची गांठ कायद्यांत कशी पडली तेंहि सांगतों. १९४७ सालच्या भाडेनियंत्रणाच्या कायद्याच्या नांवांतच भाडें, हॉटेल व लॉजिंग हाऊस हीं तिन्हीं एकत्र होतीं. राहणारा महिन्याचा असो वा रात्रीचा, दर वाजवी असावा, हें तत्त्व. त्याचा फायदा खोलीवाल्या मंडळांना झाला, तसाच मोठमोठ्या कंपन्यांनाहि झाला. अंमलदारांसाठीं घेतलेलीं त्यांचीं प्रशस्त बिऱ्हाडें दशकानुदशकें जुन्याच भाड्यानें चाललीं. १९९९ चा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला, तेव्हां बँका, सरकारी कंपन्या व एक कोटी रुपये किंवा अधिक भरणा भांडवल असलेल्या कंपन्या यांचें संरक्षण गेलें. गांवच्या खोलीचें राहिलें. पण तिला कायद्यानें धक्का लागला नाहीं, तो दुसरीकडून लागला. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या ओस पडत गेल्या, वर्गणीदार गांवीं परतले, आणि आतां चाळींची पुनर्बांधणी चालू आहे. नव्या इमारतींत घर मिळतें तें कुटुंबाला, नांवानिशीं. वीस वर्गणीदारांच्या एका खोलीचा वारस कोण, हा वाद आमच्याच मंडळांत दोन वर्षें चालला व शेवटीं मिळालेली रक्कम गांवच्या देवळाच्या सभामंडपास गेली. खोली रिकामी करतांना ट्रंका विकल्या, वह्या रद्दींत घालावयाच्या होत्या. आम्हीं हातीं आली तेवढी एक उचलली. बाकीच्या सातआठ होत्या, असें जुने वर्गणीदार सांगतात.

ज्यांच्या घरीं अशा खोल्यांच्या अथवा कुडांच्या वह्या, पावत्या, नियमपत्रकें असतील त्यांनीं तीं मंडळाच्या दप्तरखान्यांत आणून द्यावीं. मूळ द्यावयाचें नसल्यास नक्कल करूं द्यावी. आमची वही गेल्या चैत्रांत दाखल केली आहे. पहिलीं अकरा पानें वाळवीनें खाल्लीं असून बाराव्यावर वरचा कोपरा नाहीं. पुढें अक्षर स्वच्छ लागतें.