मस्तानी दरवाजा आणि ‘राऊ’

‘बाजीराव मस्तानी’ हा चित्रपट तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. २०१५ साली तो आला तेव्हा त्यातल्या आरसेमहालाची आणि दागदागिन्यांची चर्चा खूप झाली. मात्र ज्या मराठी कादंबरीवर तो आधारला आहे, ती ना. सं. इनामदारांची १९७२ सालची ‘राऊ’ आपल्यापैकी किती जणांनी वाचली आहे? या दिवाळीत ती जरूर वाचा. का वाचायची, ते थोडक्यात सांगतो.

इनामदारांना इतिहासात बदनाम झालेल्या किंवा मागे पडलेल्या माणसांची ओढ होती. ‘झेप’मध्ये त्यांनी त्रिंबकजी डेंगळे उभा केला, तर ‘मंत्रावेगळा’त दुसरा बाजीराव. ‘राऊ’मध्ये त्यांनी सर्वांत पराक्रमी पेशवा निवडला, पण त्याची सर्वांत नाजूक बाजू समोर ठेवली. कादंबरीचे नावही ‘श्रीमंत पेशवे’ असे नाही. ते आपुलकीचे, घरातले नाव आहे. तिथेच ही कादंबरी वेगळी वाट धरते. ऐतिहासिक प्रेमकथेत सहसा शत्रू बाहेरून येतो. इथे तो घरातच आहे, आणि तो दुष्टही नाही. आई राधाबाई, भाऊ चिमाजीअप्पा, मुलगा नानासाहेब ही सगळी बाजीरावावर जीव टाकणारीच माणसे. काशीबाईंचे दुःखही तितकेच खरे. त्यामुळे वाचताना कोणा एकाची बाजू घेणे आपल्याला जड जाते.

आता इतिहासाकडे वळू. १७२९ मध्ये महंमदखान बंगशाच्या वेढ्यातून बाजीरावाने छत्रसालाला सोडवले. त्यानंतर मस्तानी बुंदेलखंडातून पुण्याला आली. ती छत्रसालाची मुलगी होती की दरबारातली कलावंतीण, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण पुण्यातल्या घरात तिला जागा मिळाली नाही, याविषयी शंका नाही. गो. स. सरदेसाईंनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातील निवडक कागद ४५ खंडांत संपादित केले. त्या काळच्या पत्रव्यवहारात तिच्यावर पहारे बसवण्याचे उल्लेख सापडतात. बाजीराव मोहिमेवर असताना घरच्यांनी तिला पुण्यात अटकेत ठेवले. २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदाकाठी रावेरखेडीला बाजीराव गेला, तेव्हा त्याला चाळिशीही गाठता आली नव्हती. मागोमाग मस्तानीही गेली. तिची कबर शिरूर तालुक्यात पाबळला आहे.

गोष्ट इथे संपते असे आपल्याला वाटते, पण इतिहास पुढेही चालत राहतो. त्यांचा मुलगा समशेरबहाद्दर पेशव्यांच्याच घराण्यात वाढला. १७६१ साली पानिपतावर तो मराठ्यांच्या बाजूने लढला, जखमी झाला आणि जाटांच्या मुलखात मरण पावला. त्याचा मुलगा अलिबहाद्दर याने बुंदेलखंडात बांद्याची गादी उभी केली. याच घराण्यातला दुसरा अलिबहाद्दर १८५७च्या उठावात इंग्रजांविरुद्ध उभा राहिला. ज्या घराने आईला नाकारले, त्याच घराच्या राज्यासाठी मुलाने प्राण दिले.

पुण्याला जाल तेव्हा शनिवारवाड्याच्या उत्तर बाजूला जरा थांबा. तिथल्या एका दरवाजाला दोन नावे आहेत : मस्तानी दरवाजा आणि अलिबहाद्दर दरवाजा. आजी आणि नातू, दोघांची नावे एकाच दरवाजाला.

हे सारे आंग मो किओत बसून का आठवावे? आपण राहतो त्या ब्लॉकमध्ये १९८९च्या वांशिक एकात्मता धोरणामुळे चिनी, मलय आणि भारतीय कुटुंबे शेजारी शेजारी राहतात. खालच्या व्हॉइड डेकवर आज मलय लग्न असते, तर उद्या चिनी अंत्यविधी. आपली मुले या सगळ्यांबरोबर शाळेत जातात. उद्या त्यांच्यातले कोणी मन जुळवून आले, तर कायद्याची अडचण नाही. १९६१च्या विमेन्स चार्टरनुसार, दोघांपैकी एक जण मुस्लिम नसला की त्यांच्या लग्नाची नोंदणी होऊ शकते. बाजीराव-मस्तानीला जे पुण्यात मिळाले नाही, ते इथे एका अर्जावर मिळेल.

पण अर्जाने फक्त नोंदणी होते. घरात घेणे आपल्याच हातात असते. चिमाजीअप्पा शूर होते, शहाणे होते आणि भावावर त्यांचे निस्सीम प्रेम होते. तरीही त्यांच्या हातून जे झाले ते झाले. तेव्हा ‘राऊ’ वाचताना स्वतःला बाजीरावाच्या किंवा मस्तानीच्या जागी ठेवून पाहू नका. ते सोपे आहे. राधाबाईंच्या आणि अप्पांच्या जागी ठेवून पाहा. मुलांसाठी दार उघडायची वेळ आपल्यावर येईल, तेव्हा ते वेळेवर उघडू ना, एवढे मात्र मनाशी ठरवून ठेवा. नातवाच्या नावाने ते पुढे उघडतेच; पण तोवर मस्तानी राहिलेली नसते.