क्रॅप्समध्ये ३६ पैकी ३० वेळा जिंकता येतं, तरी पैसे का जातात? 'बेटिंग सिस्टीम'चा सगळा हिशोब

लास वेगासचे रील्स बघायला लागलात की एक माणूस हमखास समोर येतो. लांबलचक टेबलाशी उभा, हातात लाल पारदर्शक फासे, आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं, 'या पद्धतीने ३६ पैकी ३० वेळा जिंका'. खाली कमेंटमध्ये लोक पूर्ण सिस्टीम मागत असतात. कुणी ती फुकट सांगतो, कुणी त्याचा कोर्स विकतो.

गंमत म्हणजे तो आकडा खोटा नाही. ३६ पैकी ३० वेळा जिंकून देणारी पद्धत खरोखर आहे आणि कॅसिनोवाले ती खुशाल खेळू देतात. ते एवढे निवांत का असतात, हे कळायला आधी खेळ समजून घेऊ.

क्रॅप्स हा दोन फाशांचा खेळ. मूळ इंग्लंडमधला 'हॅझर्ड' नावाचा जुना जुगार. तो एकोणिसाव्या शतकात न्यू ऑर्लिन्समार्गे अमेरिकेत रुजला आणि सुटसुटीत होत आजच्या रूपात आला. टेबलाभोवती दहा-पंधरा जण उभे असतात, त्यातला एक फासे टाकतो. त्याला 'शूटर' म्हणतात. बाकीचे त्याच्या फाशांवर पैसे लावतात, त्यामुळे सगळं टेबल एकदमच ओरडतं किंवा एकदमच गप्प होतं. कॅसिनोतला सगळ्यात गोंगाटाचा कोपरा बहुधा हाच असतो.

मुख्य पैज म्हणजे 'पास लाइन'. पहिल्या फेकीला ७ किंवा ११ आले तर तुम्ही जिंकलात. २, ३ किंवा १२ आले तर हरलात. दुसरा कुठलाही आकडा आला, म्हणजे ४, ५, ६, ८, ९ किंवा १०, तर तो 'पॉइंट' ठरतो. मग शूटर फासे टाकत राहतो. ७ यायच्या आधी तो पॉइंट पुन्हा आला तर जिंकलात, आधी ७ आला तर पैसे गेले.

आता ७ एवढा महत्त्वाचा का? दोन फाशांच्या एकूण ३६ जोड्या होतात. त्यातल्या ६ जोड्यांची बेरीज ७ येते. ६ किंवा ८ प्रत्येकी ५ जोड्यांनी येतात, ५ आणि ९ प्रत्येकी ४ जोड्यांनी, ४ आणि १० प्रत्येकी ३ जोड्यांनी. २ आणि १२ साठी एकेकच जोडी. म्हणजे पॉइंट ४ असेल तर तो येण्याच्या ३ वाटा आणि त्याला मारणाऱ्या ७ च्या ६ वाटा. सगळ्या सिस्टीम शेवटी या कोष्टकाशी येऊन धडकतात.

हे सगळं जोडलं की पास लाइनचा हिशोब असा निघतो: सरासरी ४९५ डावांत २४४ जिंकायचे, २५१ हरायचे. फरक फक्त ७ डावांचा. दर डावाला १० डॉलर लावले तर ४,९५० डॉलर फिरवल्यावर ७० डॉलर कॅसिनोच्या गल्ल्यात जातात, म्हणजे १.४१ टक्के. याला 'हाऊस एज' म्हणतात. जुगाराच्या मानाने हे प्रमाण खूपच कमी आहे आणि तिथेच लोकांना वाटतं, एवढीशी फट आहे ना, मग थोडी हुशारी केली की बुजवता येईल.

दुप्पट करत जा: मार्टिंगेल

सगळ्यात प्रसिद्ध हुशारी म्हणजे मार्टिंगेल. १० डॉलर लावा. हरलात तर २०, पुन्हा हरलात तर ४०, मग ८०. कधी ना कधी जिंकालच, आणि जिंकलात की आधीचं सगळं नुकसान भरून वर १० डॉलर हातात. ऐकायला बिनतोड वाटतं. सलग किती वेळा हरणार माणूस?

समजा टेबलावर कमीत कमी १० आणि जास्तीत जास्त १,००० डॉलरची मर्यादा आहे. सलग सात डाव हरलात तर १०, २०, ४०, ८०, १६०, ३२० आणि ६४० असे मिळून १,२७० डॉलर गेलेले असतात. पुढची पैज १,२८० डॉलरची हवी, पण टेबल तेवढी घेत नाही. साखळी तिथेच तुटते. आणि मर्यादा नसती तरी खिशाला असतेच.

पास लाइनवर सलग सात वेळा हरण्याची शक्यता साधारण ११६ त एक आहे. दुर्मीळ वाटतं ना? पण तीन-साडेतीन तासांत अशा पन्नासेक साखळ्या सहज होतात. तेवढ्या वेळात एकदा तरी सात हारांची साखळी लागण्याची शक्यता ३५ टक्क्यांच्या आसपास जाते. म्हणजे तीनातल्या दोन संध्याकाळी तुम्ही पाचेकशे डॉलर कमावून हसत हॉटेलवर परतता आणि रील टाकता. तिसऱ्या संध्याकाळी १,२७० डॉलर एका फटक्यात जातात, आणि त्याचं रील कुणी टाकत नाही.

दहा डॉलरसाठी १,२७० डॉलर पणाला लावणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. सरासरी काढली तर प्रत्येक साखळीमागे सुमारे एक डॉलर तोटा होतो. तो कुठून आला? एका साखळीत सरासरी ७३ डॉलर टेबलावर फिरतात, आणि त्याचे १.४१ टक्के म्हणजे बरोबर तेवढेच. दुप्पट करण्याने हाऊस एज तसूभरही हलली नाही. फक्त तोटा गोळा होऊन एका ठिकाणी साचला.

सलग सहा वेळा हरल्यावर 'आता तर जिंकणारच' असं मनापासून वाटतं. फाशांना मागचं काहीच ठाऊक नसतं. सातव्या डावातही हरण्याची शक्यता तीच, ५०.७ टक्के.

याच जातीची सौम्य पद्धत म्हणजे द'अलाम्बेर: हरलात तर पैज एका घराने वाढवा, जिंकलात तर एका घराने कमी करा. ज्या फ्रेंच गणितज्ञाच्या नावाने ती ओळखली जाते, त्याने १७५४ मध्ये विश्वकोशातल्या एका लेखात नाणं दोनदा उडवल्यावर एकदा तरी छापा येण्याची शक्यता दोन तृतीयांश सांगितली होती. खरं उत्तर तीन चतुर्थांश. एवढा मोठा माणूस, पण शक्यतांच्या गणितात फसला! पद्धतीचं म्हणाल तर मार्टिंगेलपेक्षा पैसे हळू जातात, इतकंच. उलट्या दिशेच्या, म्हणजे जिंकल्यावर पैज वाढवणाऱ्या पद्धतींत पुष्कळदा थोडं थोडं हरायचं आणि एखादवेळी मोठं जिंकायचं. टक्का तिथेही बदलत नाही.

आता ते ३६ पैकी ३० वालं रील

या पद्धतीचं नाव 'आयर्न क्रॉस'. मार्टिंगेलपेक्षा ही जास्त फसवी आहे, कारण इथे दर फेकीला पैसे हातात येताना दिसतात.

टेबलावर 'फील्ड' नावाची जागा असते. पुढच्या एका फेकीत २, ३, ४, ९, १०, ११ किंवा १२ आले तर ती पैज जिंकते. उरतात ५, ६, ७ आणि ८. मग ५, ६ आणि ८ वर वेगवेगळ्या 'प्लेस बेट' लावायच्या. झालं, ७ सोडून सगळे आकडे तुमचे.

फील्डवर ५ डॉलर, ५ या आकड्यावर ५, आणि ६ व ८ वर प्रत्येकी ६ डॉलर. एकूण २२ डॉलर टेबलावर. आता समजा ३६ फेकी झाल्या आणि प्रत्येक जोडी बरोबर एकदा आली. फील्डचे आकडे १६ वेळा येतील. त्यातल्या १४ वेळा ५ डॉलर मिळतील, आणि २ व १२ ला दुप्पट म्हणजे १०-१० डॉलर. हे झाले ९० डॉलर. ५, ६ आणि ८ मिळून १४ वेळा येतील. तेव्हा प्लेस बेटचे ७ डॉलर मिळतात पण फील्डचे ५ जातात, म्हणून हातात प्रत्येकी २ डॉलर. हे झाले २८. एकूण कमाई ११८ डॉलर.

आणि ७ येणार ६ वेळा. दर वेळी सगळे २२ डॉलर साफ. एकूण १३२.

तीस वेळा जिंकून १४ डॉलर तोटा. काही कॅसिनो १२ वर तिप्पट देतात, तिथे तोटा ९ डॉलरवर येतो.

यात एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. १४ डॉलरला ३६ फेकींनी भागलं तर दर फेकीला सुमारे ३९ सेंट, म्हणजे टेबलावरच्या रकमेच्या पावणेदोन टक्के. पास लाइनच्या १.४१ टक्क्यांच्या जवळपासच वाटतं. पण पास लाइनचा एक डाव निकाली निघायला सरासरी तीनपेक्षा जास्त फेकी लागतात, आणि आयर्न क्रॉसमध्ये हा टक्का दर फेकीला कापला जातो. तासाला १०० फेकी धरल्या तर आयर्न क्रॉसला ३९ डॉलर जातील. तेच २२ डॉलर दर डावाला पास लाइनवर लावले तर नऊच्या आसपास. चौपटीहून जास्त फरक! टक्केवारी विचारताना 'किती वेळाने' हेही विचारायला हवं.

उलट बाजूने खेळलं तर?

७ एवढा बलवान आहे तर त्याच्याच बाजूने खेळावं, हा विचार कुणालाही सुचेल. ती सोय 'डोंट पास'मध्ये आहे. पास लाइनवाले हरले की तुम्ही जिंकता. पण एक छोटी पाचर मारलेली असते: पहिल्या फेकीला १२ आले तर पास लाइनवाला हरतो, तुम्हाला मात्र काहीच मिळत नाही, पैज परत येते. ३६ पैकी एका जोडीची ही पाचर काढली असती तर १.४१ टक्के फायदा खेळणाऱ्याचा झाला असता. पाचरीमुळे तो १.३६ टक्के तोटा होतो.

दुसरा दावा असतो फासे 'ताब्यात' ठेवण्याचा: ठरावीक पकड, ठरावीक कोन, अलगद फेक. याचेही कोर्स आहेत. कॅसिनोचा नियम असा की फासे समोरच्या भिंतीवर आपटून परत यायला हवेत, आणि त्या भिंतीवर छोट्या पिरॅमिडसारख्या उंचवट्यांचं रबर लावलेलं असतं, ते याचसाठी. अशा वेळी एका विक्रमाचं उदाहरण दिलं जातं. २३ मे २००९ रोजी अटलांटिक सिटीच्या बोर्गाटा कॅसिनोत एका बाईंनी ४ तास १८ मिनिटं सलग फासे टाकले. १५४ फेकी झाल्या, तोवर पॉइंटआधी ७ येऊन त्यांचा हात संपला नव्हता. अशी शक्यता सुमारे ५६० कोटींत एक. पण त्या काही फासे ताब्यात ठेवणाऱ्या उस्ताद नव्हत्या, क्रॅप्समध्ये जवळपास नवख्याच होत्या.

मग टेबलावर फरक कशाने पडतो?

कुठली पैज लावता, याने. टेबलाच्या मधोमध असलेल्या झगमगत्या पैजा सगळ्यात महाग. पुढच्या फेकीला ७ येईल, ही 'एनी सेव्हन' पैज एकास चार देते, खरी शक्यता एकास पाचची आहे. हाऊस एज १६.६७ टक्के. दर फेकीला १० डॉलर असं तासभर खेळलात तर सरासरी १६७ डॉलर जातात. दर डावाला तेच १० डॉलर पास लाइनवर लावून तासभर खेळलात तर सव्वाचार.

आणि एक पैज अशी आहे की तिच्यात कॅसिनोचा वाटा शून्य. पॉइंट ठरल्यावर पास लाइनच्या मागे जादा पैसे ठेवता येतात, त्याला 'ऑड्स' म्हणतात. ४ किंवा १० ला एकास दोन, ५ किंवा ९ ला दोनास तीन, ६ किंवा ८ ला पाचास सहा, म्हणजे फाशांच्या जोड्यांचा जो खरा भाव तोच मिळतो. बहुतेक टेबलांवर तिच्यासाठी जागा आखलेली किंवा नाव लिहिलेलं नसतं. पण हीसुद्धा फायद्याची पैज नाही. ती पास लाइनचा तोटा भरून काढत नाही, फक्त त्यात भर घालत नाही. शिवाय रक्कम मोठी झाली की चढउतारही मोठे होतात.

आपल्याकडे मार्टिंगेलचा मोह पडतो तो बहुधा गोव्याला, मांडवीतल्या बोटीवर आणि रूलेटसमोर. तिथे एक शून्य असलेल्या चाकावर ३७ घरं असतात, त्यातली १८ लाल. हाऊस एज २.७ टक्के, पास लाइनच्या जवळजवळ दुप्पट. लाल रंगावर सलग सात वेळा हरण्याची शक्यता ११६ त एक नसून १०६ त एक. महाराष्ट्रात कॅसिनोंना परवानगी देणारा १९७६ चा कायदा कधी अमलात आलाच नाही आणि २०२३ मध्ये तो रद्दही झाला. रीलखालच्या लिंकवरून जी फाशांची ॲप्स उघडतात, तशा पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केला. त्यात असे खेळ चालवणाऱ्यांबरोबर त्यांच्या जाहिराती करणाऱ्यांनाही शिक्षेची तरतूद आहे.