एचआयव्हीबाधितांमधील क्षयरोग

एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्ती ढासळलेल्या व्यक्तीला होणारा क्षयरोग. एचआयव्हीबाधितांच्या मृत्यूचे हे जगभरातील प्रमुख कारण आहे.

निदान : खोकला, ताप, वजनातील घट, रात्रीचा घाम यांपैकी एक लक्षण असले तरी तपासणी आवश्यक ठरते. अशा रुग्णांच्या थुंकीत जंतू कमी असल्याने सूक्ष्मदर्शकाखाली ते अनेकदा दिसत नाहीत. म्हणून जनुकीय चाचणी करतात. गोव्यातील मोलबायो कंपनीच्या ट्रूनॅट चाचणीला जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये मान्यता दिली. प्रकृती गंभीर असल्यास लघवीतील क्षयजंतूंचा अंश शोधणारी लॅम चाचणीही उपयोगी पडते.

उपचार : औषधांना दाद देणाऱ्या क्षयावर सहसा सहा महिने रोज गोळ्या देतात. क्षयाचे उपचार सुरू झाल्यावर दोन आठवड्यांच्या आत एचआयव्हीविरोधी उपचार सुरू करतात; क्षयजन्य मेंदूज्वरात मात्र चार ते आठ आठवडे थांबतात. क्षयावरील रिफॅम्पिसिन या औषधामुळे डोल्युटेग्रॅविर या एचआयव्हीविरोधी औषधाचे रक्तातील प्रमाण घटते, म्हणून डोल्युटेग्रॅविरची ५० मिग्रॅ. मात्रा दिवसातून दोनदा देतात.

गोवा : १९८९ मध्ये एचआयव्हीबाधित डॉमिनिक डिसोझा यांना कायद्याचा आधार घेऊन म्हापशातील जुन्या क्षयरुग्णालयात ६४ दिवस डांबले होते. तो अन्याय विसरता येणारा नाही. २०१७ च्या एचआयव्ही-एड्सविषयक कायद्याने भेदभावास मनाई केली आणि गोपनीयतेची हमी दिली. डिचोली तालुक्यातील आमोण्यासारख्या गावातील रुग्णाने न घाबरता तपासणीस पुढे यावे, यासाठी हे संरक्षण औषधांइतकेच मोलाचे आहे.