साबरमतीचं वासरू आणि घरातलं मांजर

१९२८ सालची गोष्ट. साबरमतीच्या आश्रमातलं एक वासरू अपंग होऊन पडलं. जमेल तेवढे उपचार झाले, सेवा झाली. पण त्याला कूस बदलतानाही असह्य वेदना व्हायच्या. डॉक्टरांनी आशा सोडली होती. गांधीजींनी हा प्रश्न सगळ्या आश्रमासमोर ठेवला, चर्चा झाली आणि शेवटी त्यांच्याच समोर डॉक्टरांनी वासराला विषाचं इंजेक्शन दिलं. दोन मिनिटांच्या आत सगळं संपलं.

गाईचं वासरू, आणि तेही अहिंसेच्या आश्रमात! गांधीजींवर संतापलेल्या पत्रांचा पाऊस पडला. वास्तविक ही गोष्ट गुपचूप ठेवता आली असती. त्यांनी मात्र 'नवजीवन' आणि 'यंग इंडिया'त लेख लिहून ती स्वतःच जगासमोर मांडली. लोकांना हे पटणार नाही, याची त्यांना कल्पना होती.

चर्चेत एका शेजाऱ्याने घेतलेला आक्षेप आपल्याही ओळखीचा आहे: जो जीव आपण देऊ शकत नाही, तो घेण्याचा हक्क आपल्याला कुठून आला? त्यावर गांधीजींचं उत्तर असं की, जीव घेण्यामागे आपला स्वार्थ असता तर हा आक्षेप लागू पडला असता. इथे तसं नाही.

मला सगळ्या वादात हा स्वार्थाचा मुद्दाच मोलाचा वाटतो. कारण तो फार अवघड आहे. आमच्या मेहकरात घरातलं मांजर असं अंथरुणाला खिळलं की पहिला प्रश्न डॉक्टरांना जातो आणि दुसरा मौलानांना. इंजेक्शन देणं जायज आहे का? बकरीच्या बाबतीत हा पेच तितका पडत नाही, वेळेत जिबह करता येतं. पण ज्याचं मांस हलाल नाही, अशा जनावराला केवळ वेदनेतून सोडवण्यासाठी मारावं का, यावर फिकहमध्ये एकमत नाही. काही उलेमा नको म्हणतात; काही म्हणतात, बरं होण्याची आशा उरली नसेल तर चालेल, मात्र कमीत कमी त्रास देऊन. हदीस दोन्हीकडचे लोक सांगतात. मांजर बांधून ठेवून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीस आपल्याला लहानपणापासून पाठ असते. जिबह करताना सुरी धारदार असू द्या, जनावराला आराम द्या, ही सहीह मुस्लिममधली हदीसही तितकीच पक्की आहे.

या प्रश्नावर आपल्या राज्याने दोन वेगळ्या वाटा पाहिल्या आहेत. मुंबईत इंग्रज सरकारने भटकी कुत्री मारायला घेतली तेव्हा १८३२ मध्ये दंगल झाली, पारशी त्यात पुढे होते. पाठोपाठ १८३४ मध्ये सर जमशेटजी जिजीभाई आणि इतर दानशूरांच्या पुढाकाराने पांजरपोळ उभी राहिली. मारायचं नाही, आपल्या मरणाने मरेपर्यंत सांभाळायचं, ही एक वाट. नंतर १८८३ मध्ये परळला दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून बाई साकरबाईंच्या नावाने जनावरांचं इस्पितळ सुरू झालं, आणि १८८६ मध्ये मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालय. ही उपचाराची वाट. उपचार आला की 'आता उपाय नाही' असं सांगणारा माणूसही आला. त्याआधी हे सांगणार कोण होतं? १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही पुढे मान्य केलं की काही अवस्थेत जनावराला जिवंत ठेवणं हीच क्रूरता ठरते.

पण स्वार्थाचं काय? रात्रभर ओरडणारं मांजर, सलाइनचा खर्च, घरातल्या मुलांचं रडणं. इंजेक्शन कोणाच्या वेदनेसाठी, त्याच्या की आपल्या? आणि उलटही खरंच आहे. हात कापतो म्हणून आठ दिवस त्याला तसंच कण्हत ठेवलं, तर त्यात पुण्य कोणाचं? 'अल्लाहच्या मर्जीवर सोडलं' असं आपण पटकन म्हणतो, पण आठ दिवस सोसायचं त्या मुक्या जिवाला असतं.

गांधीजींच्या त्याच लेखाचा दुसरा भाग आश्रमाच्या पिकांची नासधूस करणाऱ्या माकडांवर होता. तिथे प्रश्न पिकाचा होता, म्हणजे आपल्या फायद्याचा. माकडांना मारलं तर ती हिंसाच, असं त्यांनी लिहिलं.