निदानातला न विचारलेला प्रश्न: टॉक्सिक शॉक सिंड्रोमचा इतिहास

१/१२
अचानक चढलेला ताप, अंगभर उन्हाने भाजल्यासारखी लाली, उलट्या-जुलाब आणि काही तासांत कोसळणारा रक्तदाब. १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील डॉक्टरांसमोर अशा अवस्थेत धडधाकट तरुणी येऊ लागल्या. लक्षणे स्पष्ट होती. त्यांना जोडणारा धागा मात्र कुणाला दिसत नव्हता. तो धागा मासिक पाळीचा होता. तो हाती कसा लागला, त्याचा हा इतिहास.

२/१२
आजाराला नाव मिळाले १९७८ साली. कोलोरॅडोतील डेन्व्हर येथील बालरोगतज्ज्ञ जेम्स टॉड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘द लॅन्सेट’मध्ये ८ ते १७ वर्षे वयाच्या ७ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूच्या विषामुळे हे घडत असावे, असा त्यांचा तर्क होता. रुग्णांत मुलगे होते, तशा मुलीही होत्या. पाळीचा संबंध या टप्प्यावर पुढे आला नाही.

३/१२
न येण्यास कारणेही होती. पुरळ पाहिले की स्कार्लेट तापाची शंका येई, उलट्या-जुलाब पाहिले की पोटाच्या संसर्गाची. प्रत्येक लक्षणाला परिचित नाव उपलब्ध होते. त्यात हा जिवाणू सहसा रक्तात उतरत नाही. शरीरात पसरते ते त्याचे विष. म्हणून रक्ताच्या तपासणीत बहुधा जिवाणू सापडतच नसे.

४/१२
१९८० च्या आरंभी विस्कॉन्सिन आणि मिनेसोटा या राज्यांतून रुग्णांच्या वार्ता सीडीसी या अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेकडे पोहोचल्या. २३ मे १९८० रोजी संस्थेच्या साप्ताहिकात ५५ रुग्णांचा वृत्तान्त छापून आला. त्यांपैकी ५२ स्त्रिया होत्या. पाळीची माहिती मिळाली होती ४० जणींची. त्यांतील ३८ जणींचा आजार पाळी सुरू झाल्यापासून ५ दिवसांच्या आत उद्भवला होता.

५/१२
या आकड्यांत आणखी एक आकडा दडलेला आहे. १२ स्त्रियांच्या बाबतीत पाळीची माहितीच हाती नव्हती. ताप किती, रक्तदाब किती, हे रुग्णाच्या कागदावर आपसूक उतरते. पाळी कधी आली आणि त्या काळात काय वापरले, हे मुद्दाम विचारल्याखेरीज उतरत नाही. साथरोगतज्ज्ञांनी तो प्रश्न आवर्जून विचारला, तेव्हाच विखुरलेल्या नोंदी एका आजाराच्या झाल्या.

६/१२
मग निदानाचे निकष ठरले: किमान ३८.९ अंश सेल्सिअस ताप, सर्वांगावर लाल पुरळ, घटलेला रक्तदाब, तीन किंवा अधिक इंद्रियसंस्थांमध्ये बिघाड, आणि १ ते २ आठवड्यांनी तळहात-तळपायांची सोलणारी त्वचा. शेवटचा निकष विलक्षण आहे. त्वचा सोलेपर्यंत रुग्ण बरा झालेला असतो किंवा दगावलेला. हे निकष मुख्यतः रुग्णांची अचूक मोजणी करण्यासाठी होते. खाटेपाशी उभ्या डॉक्टरला त्यांच्या पूर्ततेची वाट पाहणे परवडणारे नव्हते.

७/१२
जून १९८० मध्ये टॅम्पॉनशी असलेला संबंध जाहीर झाला. सप्टेंबरमधील दुसऱ्या पाहणीत एका ब्रँडचे नाव ठळकपणे पुढे आले. आजारी स्त्रियांपैकी ७१ टक्क्यांनी ‘रिलाय’ टॅम्पॉन वापरले होते; तुलनेसाठी निवडलेल्या निरोगी स्त्रियांत हे प्रमाण २६ टक्के होते. २२ सप्टेंबर १९८० रोजी प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीने ‘रिलाय’ बाजारातून मागे घेतला.

८/१२
‘रिलाय’मध्ये नेहमीच्या कापसाऐवजी पॉलिएस्टर फोमचे तुकडे आणि कार्बोक्सीमिथाइल सेल्युलोज हा अतिशोषक पदार्थ होता. बदलण्याची कटकट कमी, हे त्याचे आकर्षण. परंतु ब्रँड हटला तरी आजार संपला नाही. विस्कॉन्सिन, मिनेसोटा आणि आयोवा यांच्या संयुक्त अभ्यासात दिसले की, ब्रँड कोणताही असो, टॅम्पॉनची शोषणक्षमता जितकी अधिक, तितका धोका मोठा.

९/१२
विषाची ओळख १९८१ मध्ये पटली. विस्कॉन्सिनमधील मर्लिन बर्गडॉल आणि कॅलिफोर्नियातील पॅट्रिक श्लीव्हर्ट यांच्या गटांनी ते स्वतंत्रपणे शोधले. टॅम्पॉनसोबत योनीमार्गात हवा जाते आणि त्यातील प्राणवायू या विषाच्या निर्मितीला पोषक ठरतो. हे विष प्रतिकारशक्तीच्या असंख्य पेशींना एकाच वेळी चेतवते. शरीराची संरक्षक यंत्रणाच मग शरीरावर उलटते. बहुतेक प्रौढांत या विषाविरुद्ध प्रतिपिंडे असतात. ज्यांच्यात ती नसतात, त्यांना धोका. किशोरवयीन मुलींचा त्यांत मोठा वाटा.

१०/१२
आता प्रश्न बाजाराचा होता. वेष्टनांवरील ‘रेग्युलर’ आणि ‘सुपर’ या शब्दांना समान अर्थच नव्हता. एका कंपनीचा ‘रेग्युलर’ दुसरीच्या ‘सुपर’पेक्षा अधिक शोषक असू शके. कमी शोषक टॅम्पॉन वापरा, हा सल्ला पाळायचा तरी कसा? बॉस्टन विमेन्स हेल्थ बुक कलेक्टिव्हच्या एस्थर रोम आणि इतर कार्यकर्त्या समान मोजमापासाठी वर्षानुवर्षे झगडल्या. १९८९ मध्ये नियम झाला आणि १९९० पासून लागू झाला: ‘रेग्युलर’ म्हणजे ६ ते ९ ग्रॅम, ‘सुपर’ म्हणजे ९ ते १२ ग्रॅम.

११/१२
सीडीसीकडे १९८० साली ८९० रुग्णांची नोंद झाली होती. त्यांपैकी ८१२ पाळीशी संबंधित होते. १९८९ साली एकूण नोंद ६१ आणि पाळीशी संबंधित ४५. मात्र या यशातून नवा गैरसमज रुजला: हा केवळ टॅम्पॉनचा आजार आहे. शस्त्रक्रियेची जखम, भाजणे, प्रसूती यांनंतरही तो होतो. पुरुषांना आणि मुलांनाही होतो. एके काळी पाळीविषयी न विचारल्याने निदान हुकत होते. पुढे केवळ पाळीचाच विचार केल्याने ते हुकण्याचा धोका निर्माण झाला.

१२/१२
मेन्स्ट्रुअल कप वापरणाऱ्या स्त्रियांतही हा आजार क्वचित आढळला आहे. टॅम्पॉन ८ तासांहून अधिक काळ ठेवू नये आणि गरजेपुरताच शोषक निवडावा, हा नियम याच इतिहासातून आला. पाळीच्या काळात अचानक तीव्र ताप, पुरळ, उलट्या, भोवळ जाणवल्यास आतील साधन तत्काळ काढून रुग्णालय गाठावे, आणि डॉक्टरांनी विचारले नाही तरी पाळी सुरू असल्याचे सांगावे. संकोचापायी हे एक वाक्य गिळले जाऊ नये. १९८० साली निदानाची वाट त्याच माहितीने उघडली होती.